तीन फुलांची वाकळ

माझ्या पलंगावरची वाकळ एकोणपन्नास वर्षांची आहे. पिरनवाडीत मुलानं घर बांधलं तेव्हा गाद्या, रजया, पडदे सगळं नवं आलं. ही वाकळ मात्र मी टाकू दिली नाही. जुन्या कपड्यांच्या नाना रंगांच्या तुकड्यांची आहे. कडेपासून सुरू होऊन आत आत जाणारे धावदोऱ्याचे चौकोन, आणि कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या एकावर एक ठेवून शिवलेली त्रिकोणी फुलं. फुलं तीन आहेत. चौथा कोपरा रिकामा आहे. शिवणारी बाई विसरली असेल, एवढंच मला इतकी वर्षं वाटत होतं.

मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा निवृत्त प्राथमिक शिक्षक. मूळचा निपाणीकडचा, नोकरी सगळी खानापूर तालुक्यात, आता बेळगावच्या या टोकाला मुलाकडे राहतो. माझ्याविषयी आमच्या भागात एक गोष्ट सांगतात: मास्तरांनी जंगलातून पोरं गोळा करून आणली आणि मराठी शाळा वाचवली. ही गोष्ट पहिल्यांदा मीच सांगितली. मग लोक सांगू लागले, मग ती सत्कारात वाचली जाऊ लागली, आणि शेवटी मलाही ती तशीच पाठ झाली. तिच्यात खोटं काही नाही. फक्त एक रकाना गाळलेला आहे.

गुंजी स्टेशनवर उतरून जंगलाच्या दिशेनं दीड-दोन तास चाललं की माझ्या शाळेचं गाव लागायचं. कौलारू एक खोली, एक शिक्षक, आणि पहिली ते चौथीची मिळून मूठभर पोरं. पट घसरत चालला होता. तपासणी ठरली होती, आणि पट भरला नाही तर शाळा शेजारच्या गावच्या कानडी शाळेत मिळवणार असं कानावर आलं होतं. सीमाभागाबाहेरच्या माणसाला हे पटकन कळणार नाही, पण तेव्हा मराठी शाळा बंद होणं म्हणजे आमच्या लेखी घरातलं माणूस जाणं होतं. मी मोर्चात जाणारा, घोषणा देऊन घसा बसवून घेणारा. माझ्या हातून शाळा जाणार ही कल्पनाच मला सहन होत नव्हती.

गावापासून तासाभरावर रानात सिद्दींची वाडी होती. गावकरी त्या लोकांना शेतावर आणि लाकूडतोडीला बोलवायचे. शाळेत त्यांचं पोर कधी आलं नव्हतं, कुणी बोलावलंही नव्हतं. मी निघालो. वाटेत करवंदीच्या जाळीत माझा लेंगा गुडघ्यापासून खाली उभा फाटला. तसाच वाडीत पोचलो. अंगणात काळीभोर, कुरळ्या केसांची माणसं बसली होती. अशी माणसं मी फक्त भूगोलाच्या पुस्तकात पाहिली होती. यांच्याशी हिंदीत बोलावं की खुणांनी, याचा विचार करत उभा राहिलो, तेवढ्यात त्यातली एक तरुण बाई म्हणाली, "मास्तर न्हवं तुमी? लेंगा फाटलाय तुमचा."

बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तिनं मला ओट्यावर बसवलं, लोंबणारी पट्टी कापून काढली आणि लेंगा माझ्या अंगावर असतानाच त्याला ठिगळ लावलं. घरात ही लोकं कोकणीच्या वळणाची बोली बोलतात, तिच्यात मराठी आणि कानडी मिसळलेलं असतं. माझ्याशी मात्र ती आमच्या गावच्या बाईसारखीच बोलत होती. तिचा नवरा आला, गुळाचा काळा चहा आला. मी शाळेचं सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा पोरं शाळेच्या दारात उभी होती, आंघोळ करून, केसांना तेल चोपडून. सगळ्यांत पुढे त्या बाईचा सहा वर्षांचा मुलगा होता आणि मागे ती दोघं नवराबायको आणि बाकीच्या पोरांचे बाप.

इथपर्यंत सगळं सत्कारात वाचतात तसंच घडलं.

मी जनरल रजिस्टर उघडलं. मूल दाखल झालं की त्याचं नाव, जन्मतारीख, जात, मातृभाषा एका ओळीत लिहायची. ती ओळ माणसाच्या मागं जन्मभर चालते. पुढे कुठलाही दाखला काढायचा तर सरकार तीच ओळ बघतं. मी त्या मुलाच्या बापाला जात विचारली. तो मुलाच्या डोक्यावर हात ठेवून उभा होता.

"शिद्दी," तो म्हणाला. "शिद्दी लिवा."

आवाज स्वच्छ होता. ऐकण्यात चूक व्हायला काही जागा नव्हती.

पुढचा रकाना मातृभाषेचा. तिथं मला 'मराठी' लिहायचं होतं, नाहीतर ती पोरं आणून उपयोग काय? पण जातीत सिद्दी आणि भाषेत मराठी लिहिलं, तर तपासणीत पहिलाच प्रश्न येणार, की सिद्दींची मातृभाषा मराठी कशी. अकरा नावं तिथंच खोडली गेली असती. मी पेनचं टोपण काढलं आणि लिहिलं: हिंदू मराठा. मातृभाषा मराठी. एकाखाली एक, अकरा वेळा. पहिल्या ओळीनंतर मी बापांना विचारलंसुद्धा नाही. त्यांच्यातल्या कुणालाही वाचता येत नव्हतं. सगळ्यांनी अंगठे उठवले आणि मला हात जोडले.

भाषेपायी दुसऱ्याची जात बदलून टाकणारा माणूस आमच्या या पट्ट्यातच भेटेल. इतर ठिकाणी लोक आणखी कशाकशापायी बदलत असतील.

वहीत मराठा झालेली ती पोरं वर्गात दाराजवळ बसायची. मी त्यांना तिथं बसवलं नव्हतं, पण उठवून पुढंही घेतलं नाही. पाण्याच्या घागरीशी त्यांच्यासाठी वेगळा तांब्या होता. तो गावातल्या एका घरानं आणून ठेवला होता आणि मी तो परत पाठवला नाही. दाराजवळच्या भिंतीवर आफ्रिकेचा नकाशा टांगलेला होता, त्यामुळे ती अकराजणं नेमकी त्याच्याखाली बसत. पोर्तुगीजांनी जहाजांतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेली माणसं, तिथून निसटून घाटातल्या रानात शिरलेली, त्यांच्या वंशातली ही पोरं. एवढं मला तेव्हाही अंधुक ठाऊक होतं. मी त्यांच्याकडून त्या खंडातल्या नद्यांची नावं पाठ करून घेतली. या नकाशाचं आणि तुमचं काही नातं आहे, हे चार वर्षांत एकदाही बोललो नाही. बोलणार कसा? रजिस्टरात ती मराठा होती.

तपासणीला आलेले साहेब कानडी, पण आमच्यासारखं मराठी बोलायचे. त्यांनी पट पाहिला, पोरं पाहिली, पुन्हा पट पाहिला. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "मास्तर, तुमचे मराठे उन्हात लई तापल्यात की."

गावचे पुढारी पोट धरून हसले. मीही हसलो. दाराजवळची पोरं हसली नाहीत. साहेबांनी सही केली आणि शाळा वाचली.

त्याच थंडीत ती बाई डोक्यावर गाठोडं घेऊन शाळेत आली आणि ही वाकळ माझ्या टेबलावर ठेवली. आम्ही वाकळ म्हणतो, त्यांच्यात कवंद म्हणतात. तुमच्यासाठी शिवली, म्हणाली. मला भरून आलं. कोपरे काही मी मोजले नाहीत.

पुढची चाळीस-बेचाळीस वर्षं मी भरभर सांगतो, कारण त्यांत मी फक्त ती गोष्ट सांगत फिरलो. अकरातली तीन-चार पोरं सातवीपर्यंत गेली, बाकीची चौथीनंतर कामाला लागली. मी बदल्या घेत घेत निवृत्त झालो. दरम्यान सरकारनं शेजारच्या कारवार जिल्ह्यातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीत घेतलं. ओढ्यापलीकडच्या मामाला दाखला आणि अलीकडच्या भाच्याला नाही, अशी बरीच वर्षं गेली. मग काही वर्षांपूर्वी आमच्या जिल्ह्यातल्यांनाही घेतलं.

तेव्हा त्या बाईचा मुलगा मला शोधत पिरनवाडीला आला. सहा वर्षांचा तो मुलगा आता पन्नाशीचा गडी झाला होता. त्याच्या थोरल्या पोराला वनखात्याच्या भरतीत उतरायचं होतं. रानातली वाट न् वाट ठाऊक असलेला पोरगा, त्याहून योग्य कोण असणार? पण जातीचा दाखला नाकारला गेला होता, कारण बापाच्या शाळेच्या दाखल्यात हिंदू मराठा असं होतं. ती नोंद चुकीची आहे, असा एक कागद त्याला माझ्याकडून हवा होता.

त्याच महिन्यात माझा सत्कार ठरला होता. मानपत्र छापून आलं होतं आणि त्यात ती अकरा पोरं होती. मी त्याला चहा दिला आणि म्हणालो, "तुझ्या बापानं सांगितलं तेच मी लिहिलं."

त्याचा बाप वारून बरीच वर्षं झाली होती. तो कपाकडे बघत बसला. मग म्हणाला, "व्हय गुरुजी. असंल." माझ्या पाया पडला आणि गेला.

त्याच्या पोराचं भरतीचं वय उलटलं. तो गोव्याला एका हॉटेलात भांडी घासायला गेला. मी खांद्यावर शाल घेऊन फोटो काढून घेतला. तो अजून दिवाणखान्यात आहे. मेलेल्या माणसाच्या तोंडी मी माझं खोटं घातलं, हे आज पहिल्यांदा कागदावर लिहितो आहे. रजिस्टरातली ओळ मी तरुणपणी, घाबरून लिहिली. हे दुसरं मात्र सत्तरी ओलांडल्यावर, शांतपणे, चहा पिता पिता केलं.

गेल्या वर्षी कॉलेजांचे प्रवेश सुरू झाले होते. मी सकाळी व्हरांड्यात बसलो होतो. आमची गल्ली आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. समोर फौंड्रीत काम करणारे ओडिशाचे गडी राहतात, वरच्या मजल्यावर मणिपूरकडच्या दोन मुली, आणि मेडिकलला शिकणारी परदेशी पोरं कोपऱ्यावर चहा प्यायला येतात. त्यामुळे फाटकाशी रिक्षातून एक काळी, कुरळ्या केसांची मुलगी उतरली तेव्हा रिक्षावाल्यानं तिला हिंदीतून विचारलं, मॅडम कौन से देश से?

"खानापूर तालुका," ती म्हणाली. "गुंजीच्या पलीकडं. तुमी कुठलं अण्णा?"

तो चंदगडचा निघाला, म्हणजे महाराष्ट्रातला.

"मग बाहेरचं तुमीच की," ती म्हणाली, आणि रिक्षावाला स्वतःच्या कपाळावर हात मारून हसत निघून गेला.

ती कोण हे कळायच्या आधीच मीही हसलो होतो. मग तिनं सांगितलं. ती त्याच मुलाची धाकटी मुलगी. बारावी सायन्स चांगल्या गुणांनी झाली होती आणि बेळगावात सरकारी नर्सिंगला तिला जागा मिळत होती, फक्त जमातीचा दाखला पंधरा दिवसांत जोडायचा होता. तहसीलदारांच्या कार्यालयात तिच्या बापाची ती ओळ पुन्हा आडवी आली होती.

"दादाचं गेलं," ती म्हणाली. "माझं जाऊ द्यायचं न्हाय मला. गुरुजी, एकच इचारायला आलेय. माझ्या आज्ज्यानं खरंच मराठा सांगितलंतं काय?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. मी म्हणालो, जुनी गोष्ट आहे, आठवून सांगतो. तिनं मान हलवली आणि पाणी मागितलं. सूनबाईनं तिला आत बोलावलं, आणि माझ्या खोलीवरून जाताना ती दारातच थांबली. पलंगाजवळ गेली, वाकळीवर हात फिरवला.

"ही आज्जीची हाय."

तुला कसं कळलं, मी विचारलं. टाका बघून कळतंय, म्हणाली. मग ती एकेका कोपऱ्याकडे गेली आणि चौथ्याशी थबकली. इथं फूल का नाही, तिनं विचारलं. विसरली असेल, मी म्हणालो.

"फूल न्हाय म्हंजे कवंद उघडी ऱ्हाती," ती म्हणाली. "उघडी कवंद आमच्यात कुणी दुसऱ्याला देत न्हाय. आनि आज्जी इसरत न्हाय, गुरुजी."

ती गेल्यावर मी मुलाला सगळं सांगितलं. त्याला राग आला नाही, काळजी वाटली. सरकारी कागदात खोटं लिहिलं हे आप्पा स्वतःच्या तोंडानं सांगणार, पेपरात येणार, पेन्शनवर बालंट येणार. आणि एक गोष्ट तो बोलला ती मलाही टोचत होती: आपल्याच माणसाचं खोटं बाहेर आलं की मराठी शाळांच्या सगळ्याच पटांकडे लोक बोट दाखवतील. मी त्याच्याशी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वाकळ घडी करून पिशवीत घातली. तो स्टेशनवर सोडायला आला.

वाडीपर्यंत आता कच्चा रस्ता झाला आहे, गुंजीहून टमटम जाते. मुलीची आजी ओट्यावर बसली होती, कुरळे केस पांढरे झालेले, मांडीवर अर्धी शिवलेली एक कवंद. मला बघून तिनं पहिल्यांदा माझ्या पायांकडे पाहिलं आणि हसली. मी पँटमध्ये होतो. फाटायची भीती नव्हती.

मी वाकळ तिच्यासमोर ठेवली. तिनं ती ओट्यावर पसरली, आणि मी काही विचारायच्या आधीच तिची बोटं कडेनं चालू लागली. हा तुकडा तिच्या नवऱ्याच्या चड्डीचा, लाकडं उतरवताना फाटली ती. हा बहिणीच्या लग्नातल्या लुगड्याचा. हा ओढ्याला पूर आला तेव्हा वाहून जाता जाता धरलेल्या चादरीचा. हा थोरल्या मुलीच्या पहिल्या अंगड्याचा. ती मुलगी जगली नाही. बोटं आत आत सरकत होती आणि प्रत्येक तुकड्याला माणूस होतं, साल नव्हतं पण ऋतू होता, कुठं काय झालं ते होतं. साठाएक तुकडे असतील. ती एकदाही अडखळली नाही. मी जन्मभर रजिस्टरं लिहिली. त्यांतल्या एकाही ओळीबद्दल मला असं सांगता आलं नसतं.

जवळजवळ मधोमध एक मळका पांढरा तुकडा होता. त्यावर तिचं बोट थांबलं.

"ह्यो तुमचा," ती म्हणाली. "लेंग्याचा."

इतकी वर्षं मी त्याच्याखाली झोपत होतो. त्या दिवशी कापून काढलेली पट्टी तिनं टाकली नव्हती; आपल्या माणसांच्या कपड्यांमध्ये तिला जागा दिली होती. मी खाली ओट्यावर बसलो.

मग मी चौथ्या कोपऱ्याचं विचारलं.

"ह्यांनी शिद्दी सांगितलं," ती म्हणाली. "मी दारात हुते. तुमचा हात लई वेळ हालला. म्हटलं, शिद्दी लिवायला एवढा वेळ लागतोय व्हय? मग साहेब आला त्या दिशी पोरगं घरी येऊन म्हनालं, आये, शाळंत आमाला मराठं म्हनत्यात. तवा कळलं."

"आणि तरी माझ्यासाठी शिवलीत?"

"शिकवत तर हुता. पोरं अक्षर गिरवत हुती. म्हनून तीन लावली." तिनं रिकाम्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. "चौथं बरोबर लिवल्यावर लावू, म्हटलं."

मला कधी बोलला का नाहीत, मी विचारलं. ती म्हणाली, तुमी इचारलं न्हाय.

तिचा मुलगा दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. माझ्याकडे बघून त्यानं फक्त विचारलं, "गुरुजी, चहा बिनदुधाचा चालंल न्हवं?" त्याला मी दिलेल्या चहाची आठवण नसेल असं नाही. त्यानं ती काढली नाही.

चार दिवसांनी आम्ही खानापूरला तहसीलदारांसमोर बसलो: मी, तो आणि त्याची मुलगी. तहसीलदारबाई तरुण, कलबुर्गीकडच्या. त्यांना मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. आणि माझं कानडी बाजारापुरतं. खात्याची कानडी परीक्षा मी पाठ करून पास झालो होतो आणि निकाल लागल्यावर मुद्दाम विसरलो होतो. भाजी, बस, दवाखाना एवढ्याचं कानडी माझ्याकडे होतं. मी केलेल्या गोष्टीचं नव्हतं. कारकुनाला दोन्ही भाषा येत होत्या, पण तो जबाब लिहून घेणार होता. मुलगी म्हणाली, मी सांगते. कारकून ताडून बघेल या अटीवर बाईंनी हो म्हटलं.

टेबलावर ते रजिस्टर होतं. शाळेतून मागवलेलं, कडा वाळवीनं खाल्लेल्या. माझं अक्षर मात्र जसंच्या तसं, वळणदार. माझ्या अक्षराची लोक फार तारीफ करायचे.

मी म्हणालो, "या मुलीच्या आज्ज्यानं सिद्दी सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. मी खोटं लिहिलं."

मला वाटलं होतं ती म्हणेल, हे म्हणतात की यांनी खोटं लिहिलं. तिनं तसं केलं नाही. माझं वाक्य होतं तसंच तिनं कानडीत उचललं. "नानु सुळ्ळु बरेदे," ती म्हणाली. मी खोटं लिहिलं. अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी, जिच्या घरावर ते खोटं बसलं होतं, ती ताठ बसून माझ्या जागी 'मी' म्हणत होती, एकही शब्द कमी न करता, एकही जास्त न करता. ज्या भाषेविरुद्ध मी घसा फोडून ओरडलो, त्या भाषेत माझं खरं बोलणं पहिल्यांदा सरकारी कागदावर उतरत होतं, आणि ते तिच्या तोंडून. मी पुढचं बोलायचं विसरून तिच्याकडे बघत राहिलो. शेवटी कारकून म्हणाला, मास्तर, पुढं सांगा.

तहसीलदारबाईंनी विचारलं, का लिहिलं. मी मातृभाषेच्या रकान्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, तुमच्यावर कारवाई होऊ शकते, माहीत आहे ना? माहीत आहे, मी म्हणालो. त्यांनी रजिस्टर स्वतःकडे ओढलं, बोट खाली खाली नेलं आणि आणखी काहीतरी विचारलं. मुलगी माझ्याकडे वळली.

"गुरुजी," ती म्हणाली, "म्याडम इचारतायत, खालच्या धा वळी पन तशाच हायत काय?"

खरं सांगतो, त्या दहा ओळींचा मी विचारच केला नव्हता. या एका घराचं ओझं घेऊन मी आलो होतो आणि ते उतरलं की हलकं होऊन घरी जाणार होतो. मी रजिस्टराकडे पाहिलं. हिंदू मराठा, हिंदू मराठा, एकाखाली एक, सुंदर अक्षरात.

"हो," मी म्हणालो. "सगळ्या."

त्यानंतर वाडीत जाऊन चौकशी झाली, म्हाताऱ्या माणसांचे जबाब झाले. मुदतीला दोन दिवस उरले असताना मुलीचा दाखला आला. शाळेत आताच्या मुख्याध्यापकांनी आदेशाप्रमाणे तिच्या बापाच्या ओळीवर तांबडी रेघ मारून वर 'सिद्दी' लिहिलं. मातृभाषेच्या रकान्यात काय लिहायचं यावर कार्यालयात अजून एकमत झालेलं नाही. माझ्यावर खात्याची नोटीस आली, तिला मी उत्तर दिलं आहे. पेपरात काही आलं नाही. सत्काराला मात्र पुन्हा कुणी बोलावलं नाही, आणि गल्लीतल्या एक-दोन जुन्या सोबत्यांनी नमस्कार बंद केला. मुलगी आता बेळगावातच हॉस्टेलवर असते. तिचा दादा अजून गोव्यातच आहे. त्याचं गेलेलं वय कुठल्याही आदेशानं परत येणार नाही.

दाखला आल्यावर मी वाकळ घेऊन पुन्हा वाडीत गेलो. मनात कुठंतरी होतं की आज चौथं फूल लागेल. म्हातारीनं माझं ऐकून घेतलं, आत गेली आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यात तांबड्या, पिवळ्या, निळ्या कापडाच्या त्रिकोणी घड्या एकावर एक घालून तयार होत्या. तिनं त्या वाकळीच्या कोपऱ्यावर ठेवून बघितल्या. नीट बसत होत्या. मग तिनं त्या उचलल्या आणि पुन्हा डब्यात ठेवल्या.

"अकरा हुती न्हवं पोरं?" ती म्हणाली. "एक झालं."

वाकळ तिनं घडी करून माझ्या हातात दिली. थंडी हाय, न्या, म्हणाली, झालं की आना.

तेव्हापासून मी ती बाकीची माणसं शोधतो आहे. दोघं वारली, पण त्यांची नातवंडं शाळेत आहेत. एक मुलगी हल्याळकडे दिली, तिचं घर सापडायला दोन महिने लागले. एक म्हापशाजवळ कुठं तरी आहे म्हणतात. प्रत्येकाच्या घरी जाऊन आधी मी कोण आणि मी काय केलं ते सांगतो, मग कागद करतो. एका घरातून मला उठवून लावलं. तिथं मी पुन्हा गेलो. आजवर पाच झाले. सहा उरलेत. मंगळवारी सहाव्यासाठी खानापूरला जायचं आहे, आणि मुलीनं हॉस्टेलवरून सुट्टी काढली आहे. कानडी तीच सांगते.

म्हातारीची नजर आता कमी झाली आहे. परवा तिनं नातीकडून निरोप पाठवला, की सुईत दोरा ओवून ठेवलाय.